साताऱ्याचे शाहू बोर्डिंग: एका चुलीचा प्रकरण अभ्यास

१९२४ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाने गावची मराठी शाळा संपवली आणि पुढे शिकायचे म्हटले, तर फीचा प्रश्न नंतर यायचा. आधी हे ठरवावे लागे की रात्री पाठ कुठे टेकायची आणि भाकरी कोण घालणार. हायस्कूल जिल्ह्याच्या गावी, घर वीस-पंचवीस मैलांवर. एस.टी. सुरू व्हायला अजून चोवीस वर्षे होती.

शहरात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी एक जुनी सोय होती. सात घरी सात वार लावायचे, नाहीतर माधुकरी मागायची. त्यात मिंधेपण होते, उपासमारही होती, पण पोरगा शिकून बाहेर पडायचा. शेतकऱ्याच्या मुलाला शहरातल्या त्या घरांची ओसरीही चढता येत नसे, मग वार कुठले? आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या मुलाला तर पैसे मोजूनही खोली मिळत नसे. याच सातारा गावात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचे नाव सरकारी शाळेच्या पटावर चढले होते. वर्गात त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी बसायची आणि जेवायची जागा त्या कायद्यात येत नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेले वसतिगृह, म्हणजेच पुढचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस, इथे एक प्रकरण म्हणून तपासायचे आहे. भाऊरावांवर भाषणे पुष्कळ होतात आणि त्यांत बोर्डिंग बहुतेकदा त्यागाच्या गोष्टी सांगायला येते. मला त्यात दोन रोखठोक प्रश्न दिसतात. वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला कशी बसली? आणि त्या पंगतीला धान्य कुठून आले? माझ्या मते ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले साधले ते बऱ्याच अंशी दुसऱ्यामुळे.

आधी कोल्हापूर

साताऱ्याचा प्रयोग समजायचा तर कोल्हापूरला जावे लागते, कारण हाच प्रश्न तिथे आधी येऊन गेला होता. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला. राजाराम कॉलेज तेव्हा करवीर संस्थानातली उच्च शिक्षणाची प्रमुख जागा. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तिथेच शिकले. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी महाराजांनी १८९६ मध्ये वसतिगृह काढले आणि ते सगळ्या जातींना खुले ठेवले. पाच-सहा वर्षांत काय झाले? तिथे ब्राह्मण मुलेच तेवढी उरली. पी. सी. पाटील यांच्यासारखा हुशार मराठा विद्यार्थी मॅट्रिक होऊन आला तेव्हा त्याला राहायला कुठे ठेवावे हा पेच पडला, आणि त्यातून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले.

दार तर सगळ्यांना उघडे होते. मग असे का झाले? माझा तर्क असा की याचे कारण दारात शोधून सापडणार नाही, ते स्वयंपाकघरात आहे. आचारी कोण, कोणाच्या हातचे पाणी चालते, उष्टे कोण काढतो, सोवळ्यात कोण वाढतो, यांवर त्या काळी घराचा कारभार चाले. ज्याचे स्वयंपाकघर त्याचे वसतिगृह. दुसऱ्या जातीच्या मुलाला कोणी 'जा' म्हणायची गरजच पडत नाही. रोज दोन वेळा वेगळे ताट वाढले की तो आपोआप जातो.

महाराजांनी यावर काढलेला तोडगा थेट होता. एक चूल जमत नसेल तर प्रत्येक समाजाची आपापली चूल पेटू द्या. जैन बोर्डिंग, १९०६ ची मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, लिंगायत बोर्डिंग, १९०८ मधले अस्पृश्य विद्यार्थ्यांचे मिस क्लार्क बोर्डिंग, नामदेव शिंपी, दैवज्ञ, वैश्य, ढोर-चांभार, सुतार, नाभिक. महाराजांच्या हयातीत, म्हणजे १९२२ पर्यंत, अशी वीसच्या आसपास वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. दसरा चौकात उभे राहिले की आजही त्यांतल्या काहींच्या इमारती दिसतात. दरबाराने जागा आणि मदत द्यायची, समाजाच्या धुरिणांनी वर्गणी गोळा करायची. आपल्या समाजाच्या मुलांसाठी म्हटल्यावर पेढीवाल्याची थैली सैल होते, आणि पोराला आपल्याच लोकांत ठेवलेय म्हणून आईबापांनाही धीर येतो.

या वसतिगृहांनी जाती घट्ट केल्या असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. १९०१ मध्ये पर्याय 'एकत्र की वेगळे' असा नव्हताच, 'वेगळे की काहीच नाही' असा होता. आणि ज्या राजाने अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळ्यांना चहाचे दुकान काढायला लावले आणि रस्त्यावर गाडी थांबवून तिथला चहा सगळ्यांदेखत घेतला, त्याला शिवाशिवीचे मूळ कुठे आहे हे कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. या बोर्डिंगांमध्ये मुले शिकली, पंगतीच्या रेषा मात्र जिथल्या तिथे राहिल्या. ही गोष्ट ज्याच्या अंगावर आली असा एक मुलगा त्यांतल्याच एका बोर्डिंगमध्ये राहत होता.

बोर्डिंगातून काढलेला विद्यार्थी

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणे जैन, वडील महसूल खात्यात कारकून. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अभ्यासात यथातथा, कुस्तीत आणि वाद घालण्यात पटाईत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की आंघोळ करून, कपडे बदलून मगच जेवणघरात या. त्यांनी नकार दिला. पुढे बोर्डिंग सुटले. मॅट्रिकही झाली नाही.

म्हणजे हा माणूस वसतिगृह काढायला बसला तेव्हा 'सर्वांना प्रवेश' ही पाटी पुरेशी नसते हे त्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते. जेवणघराच्या उंबऱ्यावर अडवले जाणे त्याने भोगले होते, आणि तेही वरच्या मानलेल्या बाजूला असून.

दुसरी तयारी वेगळ्याच वाटेने झाली. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. नंतर ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले, पुढे धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याजवळच्या कारखान्याच्या उभारणीत हात घातला. कारखान्याच्या नफ्यातला वाटा शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाला जायचा, असे भाऊराव धरून चालले होते. तो शब्द पाळला गेला नाही म्हणून ते बाहेर पडले. चरित्रांमध्ये हा भाग दोन पानांत उरकलेला असतो. मला तो बोर्डिंगच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. नांगर विकणाऱ्याला गावोगाव पायपीट करावी लागते. कोणत्या गावात पाणी आहे, कोणाच्या खळ्यावर किती ज्वारी पडते, कोणता पाटील उधार देतो आणि कोणता नुसताच चहा पाजतो, हे त्याला ठाऊक होते. पुढे याच माणसाला गावोगाव धान्य मागत फिरायचे होते.

सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात, १९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. कालेला, नेर्ल्याला वसतिगृहे निघाली. पण खेड्यात वसतिगृह काढून भागेना, कारण हायस्कुले शहरात होती. म्हणून १९२४ मध्ये मुक्काम साताऱ्याला हलला.

चूल कोणाची?

साताऱ्याचे बोर्डिंग सुरुवातीला बरेचसे भाऊरावांच्या संसाराचाच विस्तार होते. भाऊराव म्हणजे अण्णा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणजे वहिनी आणि बाकी सगळी पोरे. मुले गावातल्या शाळांमध्ये शिकायला जात, राहायला-जेवायला इथे येत. पुढे बोर्डिंग धनिणीच्या बागेत गेले आणि साताऱ्यात तेच त्याचे कायमचे ठिकाण ठरले.

कोल्हापूरच्या १८९६ च्या वसतिगृहात आणि यात फरक काय? दार दोन्हीकडे खुलेच होते. साताऱ्यात आचारी नव्हता, हा तो फरक. मुलांनी पाळीपाळीने दळायचे, भाकऱ्या थापायच्या, सरपण आणायचे, पाणी भरायचे, वाढायचे, भांडी घासायची. मराठ्याच्या मुलाने थापलेली भाकरी महाराच्या मुलाने खाल्ली यात कोणाला फारसे नवल वाटले नसते. पाळी उलटी फिरते तेव्हा खरी कसोटी लागते. आणि पाळी उलटी फिरणारच होती, कारण ती वारावर चालते, जातीवर नाही.

शेजारी बसून जेवणे ही एक पायरी. एकमेकांच्या हातचे खाणे ही त्याच्या वरची. सहभोजनाचे कार्यक्रम महाराष्ट्रात त्या काळी होत होते, वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्याही येत. पण सहभोजन एका दिवसाचे असते. पाहुणे जेवतात, फोटो निघतो, घरी जाऊन कोणी गुपचूप आंघोळही करतो. बोर्डिंगात संध्याकाळी पुन्हा भूक लागते आणि पुन्हा तीच पंगत असते. शाळा आणि शेतकाम करून आलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला भाकरी कोणी थापली हे विचारायला फार वेळ मिळत नाही.

याला विरोध फक्त शहरातल्या सनातन्यांचा होता असे समजणे सोयीचे आहे. मुलगा कुठे जेवतो म्हणजे कोणाशेजारी जेवतो हे गावाला कळतेच, आणि गावातल्या भावकीला ब्राह्मणांइतकाच विटाळ कळत होता. लक्ष्मीबाई स्वतः सोवळे पाळणाऱ्या जैन घरातून आलेल्या. बोर्डिंगातल्या सगळ्या पोरांना आपल्या हाताने वाढण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास एका रात्रीत झाला नाही. मला तरी भाऊरावांच्या भाषणांपेक्षा त्यांचे हे बदलत जाणे जास्त बोलके वाटते. भाऊराव बंड करून आलेले होते. वहिनी रोज थोडे थोडे सोडत गेल्या.

धान्याचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. बोर्डिंगला ना दरबाराची सनद होती, ना एखाद्या पेढीची थैली. कोल्हापूरच्या बोर्डिंगांना आपापला समाज पोसत होता. जे वसतिगृह सगळ्यांचे, ते पोसायची जबाबदारी कोणत्याच समाजाची नसते. एकत्र चुलीची ही छुपी किंमत आहे, आणि आदर्शाच्या गप्पांत ती कोणी मोजत नाही.

यावरचा मुख्य तोडगा म्हणजे मुष्टिफंड. घरातल्या बाईने रोजचे दळण काढताना त्यातली एक मूठ बोर्डिंगसाठी वेगळ्या भांड्यात टाकायची. ठराविक दिवसांनी मुले येऊन ती गोळा करून न्यायची. सुगीत खळ्यावरून थोडे जास्त मिळायचे. एक ढोबळ हिशेब करून पाहू. एक मूठ म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम ज्वारी धरली, आणि वाढत्या वयाच्या, अंगमेहनत करणाऱ्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर दहा घरांची रोजची मूठ एका मुलाला पुरते. शंभर मुले असतील तर हजार घरे. आकडे माझे, पण त्यावरून अण्णांची पायपीट का थांबत नव्हती हे कळते.

गंमत अशी की जुन्या वाराच्या पद्धतीत एका मुलामागे सात घरे लागत. मुष्टिफंडात दहा. ओझे जवळपास तेवढेच. फरक एवढाच की वारात घर आपला मुलगा निवडते, त्याचे गोत्र विचारते, आणि मुलगा त्या घराचा मिंधा होतो. मुठीतल्या ज्वारीला नाव नसते. ती बाई कोणाचे पोट भरते आहे हे तिला माहीत नसते आणि पोरालाही आपण कोणाचे खाल्ले ते कळत नाही. धान्य पोत्यात मिसळले की देणाऱ्याची जातही मिसळते आणि खाणाऱ्याचीही. भाऊरावांनी हे असे ठरवून केले की गरजेपोटी सुचले, हे सांगता येणार नाही. पण एकत्र पंगत टिकली त्यात या मिसळलेल्या पोत्याचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. एखाद्या धनवंताने सगळा खर्च उचलला असता तर त्याच्या अटी स्वयंपाकघरात आल्या असत्या.

उरलेला भाग मुलांच्या श्रमाचा. ज्याची ऐपत असेल त्याने पैसे किंवा धान्य द्यावे, नसेल त्याने कामातून भागवावे, आणि काम तर सगळ्यांनीच करावे. शेत, बाग, बांधकाम. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमुचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य आज कमानींवर रंगवलेले असते. त्या काळी तो जमाखर्चातला एक रकाना होता.

तरीही तूट यायची. मुष्टिफंड पावसाळ्यात आटतो, कारण तेव्हा देणाऱ्याच्या घरातलीच कणगी रिकामी झालेली असते. अण्णा बाहेरगावी, बोर्डिंगात दाणा नाही आणि वहिनींनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातले, ही गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत असते. त्याआधी बाकीचे दागिने गेलेच होते. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या.

ही गोष्ट ऐकताना सभागृहात डोळे पाणावतात. प्रकरण अभ्यास करणाऱ्याने मात्र इथे जरा कोरड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. सहा वर्षे चाललेल्या एका संस्थेकडे वाईट महिन्यासाठी राखीव काही नव्हते, आणि ती तूट एका बाईच्या स्त्रीधनातून भरली जात होती. तिचे काम पगारी नव्हते, कुठल्या ठरावात नव्हते, जमेच्या बाजूला लिहिलेले नव्हते. त्यांना 'रयतमाऊली' म्हणणे योग्यच आहे. पण माऊलीवर चालणारी व्यवस्था दुसऱ्या गावात उभी करता येत नाही, कारण दुसरी माऊली ठराव करून मिळत नाही. भाऊरावांना हे कळले असावे असे पुढच्या घटनांवरून दिसते.

नाव, मदत आणि नोंदणी

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी साताऱ्यात महात्मा गांधींच्या हस्ते बोर्डिंगचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. ज्याच्या राज्यात जातवार बोर्डिंगे झाली त्याचे नाव एकाच पंगतीच्या बोर्डिंगला! वरवर हे विसंगत दिसते. मला ते हिशेब चुकता करण्यासारखे वाटते: काढून टाकलेल्या विद्यार्थ्याने महाराजांचे ऋणही मान्य केले आणि त्यांच्यापुढचे पाऊलही टाकले. सत्यशोधक वळणाच्या माणसाने गांधींना बोलवावे यावरही तेव्हा भुवया उंचावल्या असणार. पण नावांच्या बाबतीत भाऊराव पक्के व्यवहारी होते. १९३५ मध्ये शिक्षक घडवणारे कॉलेज काढले तेव्हा त्याला चक्क इंग्लंडच्या राजाच्या रौप्यमहोत्सवाचे नाव देऊन सिल्व्हर ज्युबिली केले. १९४० च्या हायस्कुलाला बडोद्याच्या सयाजीरावांचे, कराडच्या कॉलेजला गाडगे महाराजांचे.

१९३३ पासून गांधीजींच्या सांगण्यावरून हरिजन सेवक संघाकडून वर्षाला पाचशे रुपये येऊ लागले. त्याआधी, १९३२ मध्ये गांधी-आंबेडकरांचा येरवड्याचा करार, म्हणजेच पुणे करार, झाल्यावर पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले होते, तेही मिश्र. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. बोर्डिंग एका कुटुंबाच्या चुलीवरून उतरून संस्थेच्या चुलीवर आले. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी हे झाले, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

याच वर्षीच्या ट्रेनिंग कॉलेजने बोर्डिंगला एक पूर्ण चक्र दिले. बोर्डिंगात शिकलेला मुलगा शिक्षक व्हायचा, जिथे शाळाच नाही अशा गावात जाऊन व्हॉलंटरी शाळा चालवायचा, आणि तिथली हुशार पोरे पुन्हा कुठल्यातरी बोर्डिंगात पाठवायचा. एकट्या साताऱ्याच्या घराने किती मुले शिकवली यापेक्षा, ते घर शिक्षक पुरवायला लागले ही घटना मोठी. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले तेव्हा संस्थेची ३८ मिश्र वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे, १०८ हायस्कुले आणि ३ कॉलेजे अशी मोजदाद सांगितली जाते. बोर्डिंगातल्या पी. जी. पाटलांसारखा मुलगा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन संस्थेतच प्राचार्य झाला, आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू. जोतीराव फुल्यांचे लेखन इंग्रजीत नेण्याचे कामही त्यांनी केले.

कॉलेज आणि १९४८ चा फटका

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. बोर्डिंगची पद्धत आता हायस्कूलच्या पोरांवरून कॉलेजच्या तरुणांवर आली: फी नाही, राहणे आवारातच, आणि त्याबदली श्रम. सपाटीकरण, दगड फोडणे, शेती. हायस्कूलच्या मुलाला काम सांगणे एक आणि इंटरच्या विद्यार्थ्याला पहार देणे दुसरे. कॉलेजात गेलेला माणूस हाताला माती लावत नाही, ही समजूत बहुजन समाजातही तोवर चांगली रुजली होती. तिच्यावर हा घाव होता.

वर्षभरातच मोठा आघात झाला. १९४८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. भाऊरावांची जाहीर टीका, जिल्ह्यातले राजकारण आणि गांधीहत्येनंतरचे तापलेले वातावरण, या सगळ्यांचा त्यात हात होता. भाऊराव नमले नाहीत, लोकांकडे गेले. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि पुढे अनुदान परत सुरू झाले.

बोर्डिंगच्या दृष्टीने या प्रसंगातून दोन उलट्या गोष्टी कळतात. जुन्या पद्धतीची संस्था, म्हणजे धान्य, श्रम आणि लोकवर्गणीवर उभी असलेली, सरकारचा हात निघाल्यावरही कोसळली नाही. पण शेकडो शाळांच्या मास्तरांचा पगार मुष्टिफंडातून होत नाही, हेही त्याच वेळी दिसले. भाकरी मुठीमुठीने गोळा करता येते, पगार येत नाही. पुढच्या काळात संस्था वाढली ती अनुदानित शाळांच्या बाजूने. वसतिगृहे राहिली, पण संस्थेचा कणा शाळा-कॉलेजे झाली. याला अधःपतन म्हणणारे भेटतात. मला ते तसे वाटत नाही. एस.टी. आली, तालुक्याला आणि मग मोठ्या गावांत हायस्कूल झाले, आणि बारा वर्षांच्या पोराला घर सोडून साताऱ्याला राहण्याची गरजच कमी झाली. बोर्डिंगने आपली गरज बऱ्याच अंशी स्वतःच संपवत आणली.

आजचा प्रश्न कुठे सरकला

गरज संपली ती हायस्कूलच्या वयाची. कॉलेजच्या वयाची उलट वाढली, आणि ती साताऱ्यातून पुण्याला सरकली. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून पुण्यात आलेल्या मुलामुलींपुढे १९२४ चेच दोन प्रश्न आहेत. राज्य सरकारने त्यावर समाजकल्याणची वसतिगृहे काढली, आणि त्यात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१७ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. मूळ दर असे: मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या गावी ५१,०००, बाकी ठिकाणी ४३,०००. पैसे थेट खात्यात. इतर समाजांसाठीही अशाच निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत.

वसतिगृह बांधून चालवण्यापेक्षा हे सोपे आहे आणि निम्म्या वेळा उपयोगीही आहे. पण रक्कम हातात असलेल्या मुलाला खोली द्यायची की नाही हे अजून घरमालकच ठरवतो, आणि पेठांत किंवा उपनगरात आडनाव विचारून ठरवणारे घरमालक काही संपलेले नाहीत. शिवाय खोली मिळते ती ओळखीतून, आणि ओळखी जातीतून जातात. परिणामी एका फ्लॅटमध्ये एकाच भागातली, एकाच समाजाची मुले जमतात. कोणी ठरवले नसताना कोल्हापूरची जातवार बोर्डिंगे भाड्याच्या फ्लॅटांमध्ये पुन्हा उभी राहिली आहेत, आणि यावेळी त्यांच्यामागे शाहू महाराजही नाहीत.

'कमवा आणि शिका' विद्यापीठांत आहे. पुणे विद्यापीठाची योजना तर कर्मवीरांच्याच नावाने चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तास भरतो आणि त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. गरजू मुलांना तिचा मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इथे काम करतो तो फक्त गरजूच. साताऱ्यात काम सगळ्यांना होते, ऐपत असलेल्यालाही. आज अर्ज भरून काम मागणारा मुलगा आपण गरीब आहोत हे आधी कागदावर लिहून देतो. भांडी घासण्याची पाळी सगळ्यांची असते तेव्हा ती घासणाऱ्याची परिस्थिती कोणाला कळत नाही. योजनेत उरली ती मजुरी, पाळी गळाली.

बोर्डिंगच्या सगळ्यात जवळचे जे काही आज टिकून आहे ते मला कृषी आणि अभियांत्रिकी कॉलेजांच्या काही जुन्या वसतिगृहांत दिसते, जिथे मेस ठेकेदाराकडे न देता मुलेच चालवतात. मेस सेक्रेटरी निवडतात, महिन्याचा किराणा आणतात, खर्च डोक्यांवर वाटतात, आणि भाजीत पाणी जास्त झाले तर शिव्या आपल्याच मित्राला घालतात. तिथेही पोळ्या लाटायला मावशी असतात आणि ताटे धुवायला पगारी माणूस. कुठल्या रेक्टरला साताऱ्याचा प्रयोग खरोखर करून पाहायचा असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. आठवड्यातून एक दिवस मावशींना पगारी सुट्टी आणि त्या दिवशीच्या पोळ्यांची, ताटांची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने. पालकांचे पहिले फोन कोणत्या मुद्द्यावर येतात, हे नोंदवून ठेवावे.